एकराचे साडेतीनशे मीटर

नवी मुंबईतल्या उलव्यात किंवा द्रोणागिरीत घर बघायला गेलात, तर दलाल दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच सांगतो, ‘साडेबाराचा प्लॉट आहे’ किंवा ‘टेंडरचा आहे’. घर घेणाऱ्याच्या लेखी याचा अर्थ एवढाच की इमारत लहान असेल की मोठी, आणि कर्जासाठी बँक किती कागद मागेल. टेंडरचा म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने निविदा काढून बिल्डरला विकलेला. साडेबाराचा म्हणजे या शहरासाठी ज्याची शेती गेली त्या शेतकऱ्याच्या वाट्याला परत आलेला. हा शब्द दलालाच्या तोंडी इतका सहज रुळला आहे की तो एका आंदोलनाच्या मागणीतून आला हे सांगितल्यावर लोक चमकतात.

कंपन्या आणि वित्तसंस्था यांच्या ताकदीला खालून वेसण कशी घालता येते, याची चर्चा निघाली की उदाहरणे बहुधा लांबची येतात. हे प्रकरण बेलापूरच्या खाडीकाठचे आहे. यात शेतकऱ्यांनी आधी दर मागितला आणि शेवटी त्यांना वाटा मिळाला. माझ्या मते वाटा ही दरापेक्षा मोठी कमाई होती. पण तो कोणाच्या नावावर, किती वर्षांनी आणि कोणत्या कागदावर मिळाला, यात त्या कमाईचा बराच भाग झिजून गेला.

कंपनीचे गणित

सिडकोला आपण सरकारी खाते समजतो. प्रत्यक्षात ती कंपनी आहे. १७ मार्च १९७० रोजी कंपनी कायद्याखाली नोंदलेली, सगळे भागभांडवल राज्य सरकारचे, आणि ते सुरुवातीला फक्त ३ कोटी ९५ लाख रुपये. काम दिले होते ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर नवे शहर वसवण्याचे. चार कोटींत शहर होत नाही. मग पैसा कुठून येणार होता?

उत्तर शहराच्या मूळ कल्पनेतच होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. पुढे सिडकोने ज्या रीतीने काम केले ती थोडक्यात अशी: सगळी जमीन एका हातात घ्यायची, रस्ते-पाणी-गटारे करायची, प्लॉट पाडून विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे पुढचे उपनगर, उभारायचा. जमीन शेतीच्या भावाने आत येते, शहराच्या भावाने बाहेर जाते आणि मधल्या फरकावर शहर उभे राहते. नियोजनकारांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. हा फरक सार्वजनिक कंपनीने घेतला नसता तर तो सट्टेबाजांच्या खिशात गेला असता, आणि रेल्वे स्थानके, उद्याने, शाळांचे भूखंड यांना पैसा उरला नसता. पण या हिशेबात शेतकरी एकदाच दिसतो, खर्चाच्या बाजूला. एकदा पैसे चुकते केले की त्याचे नाव वहीतून संपले.

हे कंपनीच्या मनमानीने झाले नव्हते, कायदाच तसा होता. जमीन घेतली गेली १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्याच्या कलम २३ प्रमाणे भाव धरायचा तो संपादनाची पहिली सूचना, म्हणजे कलम ४ ची अधिसूचना, निघाली त्या दिवसाचा. आणि कलम २४ तर स्पष्ट बजावत होते की जमीन ज्या कामासाठी घेतली जाते आहे त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ मोबदल्यात धरायची नाही. म्हणजे तुमच्या भातखाचरावर उद्या बाजारपेठ होणार हे सगळ्यांना ठाऊक असले तरी मोबदला भातखाचराचाच. नव्या मुंबईचा सगळा आर्थिक पाया या एका पोटकलमावर उभा होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

तेरा वर्षांचे मालक

ही जमीन कसणारे बहुतेक आगरी, कराडी, कोळी समाजाचे. खाऱ्या पाण्याला बांध घालून, उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) पाणी सोडून, गावाने मिळून राखलेली खारजमीन. वर्षाला एक भाताचे पीक, शेजारी मिठागरे, भरती-ओहोटीप्रमाणे मासेमारी. बांध फुटला तर सगळ्या गावाने धावायचे, कारण खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. सरकारी दप्तरात ही जमीन हलकी, एकपिकी. त्यामुळे स्वस्त.

यातली पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कुळे होती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षे शेती न पिकवता संप केला, तो जमिनीवर हक्क सांगणारे खोत आणि सावकार यांच्याविरुद्ध. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ने, कसणारा कायद्याने मालक ठरला. आणि १९७० मध्ये संपादनाच्या नोटिसा आल्या. कागदावर मालकी मिळून जेमतेम तेरा वर्षे झाली होती. या भागातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सिडकोविषयी जो राग असतो, तो नुसत्या कमी भावाचा नाही. खोताच्या हातून सुटलेली जमीन दुसऱ्या मोठ्या खोताकडे गेली, अशी ती भावना आहे.

जासई, १९८४

नेतृत्व होते जासईच्या दि. बा. पाटलांकडे. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते, वकील, १९५७ पासून पनवेलचे आमदार, पुढे खासदारही. गावोगाव बैठका, मोर्चे, मोजणी अडवणे हे सत्तरच्या दशकापासून चालू होते. न्हावा-शेवा बंदराचे काम पुढे सरकू लागले तसे सगळे तापत गेले. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशी नवघरला. दोन दिवसांत पाच जण मारले गेले. आजही १६ आणि १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होते. मुख्यमंत्री तेव्हा वसंतदादा पाटील होते.

गोळीबाराने प्रश्न राज्यभर पोहोचला हे खरे. पण सरकार वाटाघाटीला का बसले याचे कारण मला दुसरीकडे दिसते. संपादन कागदावर झाले होते, पण जमिनीवर लोक उभे होते. निवाडा (मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) झाला, पैसे कोषागारात जमा झाले, तरी बांधावर माणसे असतील तर कंपनीला प्लॉट पाडता येत नाही, आणि प्लॉट पडला नाही तर विकता येत नाही. जिचे सगळे भांडवल म्हणजे जमीन, तिच्यासाठी ताबा लांबणे म्हणजे पैशाचा ओघ आटणे. बंदराचेही तसेच: केंद्र सरकारचा प्रकल्प, परदेशी जहाजे, ठरलेल्या तारखा. शेतकऱ्यांकडे कायदा नव्हता आणि पैसा नव्हता. ताबा होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. आंदोलनांच्या इतिहासात शौर्याची बाजू नीट लिहिली जाते, ही बाजू मात्र निसटते.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राने भूसंपादन कायदा दुरुस्त केला. दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर मिळणारी जादा रक्कम, १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली, आणि शेजाऱ्याला कोर्टातून वाढीव भाव मिळाला तर तोच भाव आपल्यालाही मागण्याची सोय कलम २८-अ ने झाली. ही दुरुस्ती जासईमुळे झाली असे कोणी म्हणू नये, ती बरीच वर्षे घाटत होती. पण तिने दर सुधारला, वाटा दिला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे.

टक्का

वाटा आला ६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने, आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने त्याला आजचे रूप आले. दोन्ही वेळा मुख्यमंत्री शरद पवार. जेवढी जमीन संपादित झाली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला, आणि तोही आधी जमिनी गेलेल्यांसह सगळ्यांना.

एका एकराचे गणित करून बघू. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६. यातून ३.७५ टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात, म्हणजे हातात येतात पावणेनऊ टक्के, ३५४ चौरस मीटर. त्यावर चटईक्षेत्र दीड, म्हणजे सुमारे ५३१ चौरस मीटर बांधकाम. चौरस फुटांत साधारण ५,७००. त्यात १५ टक्क्यांपर्यंत दुकाने. भूखंड दिला गेला तो मालकीने नव्हे, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

‘एका एकराचे साडेतीनशे मीटर’ ऐकायला क्रूर वाटते. कार्यकर्त्यांच्या शिबिरात हे प्रकरण मांडतो तेव्हा पहिली प्रतिक्रिया नेहमी हीच येते, की एवढ्यासाठी पाच माणसे गेली? मी मग त्यांना कलम २४ आठवायला सांगतो. शहरामुळे वाढणारी किंमत शेतकऱ्याला द्यायची नाही, असे कायदा म्हणत होता. साडेबारा टक्क्यांनी नेमकी तीच किंमत त्याच्या ओंजळीत टाकली, भले चमचाभर. दर ठरला की त्याच दिवशी शिळा व्हायला लागतो. सत्तरच्या दशकात ज्यांनी मोबदला उचलला त्यांच्या पैशांचे काय झाले ते गावात विचारा: लग्न, घराची कौले, एखादी मोटारसायकल. टक्का मात्र शहराबरोबर वाढतो. वाशी वाढले, नेरुळ वाढले, तसा त्या साडेतीनशे मीटरचा भावही. कंपनीच्या वहीत शेतकरी पहिल्यांदाच खर्चाच्या रकान्यातून सरकून भागीदाराच्या जवळपास आला.

जवळपासच. कारण पुढे कागद आडवा आला.

फाईल

पात्रता ठरवायची तर निवाड्यात नाव हवे. निवाडा आजोबांच्या नावे, आजोबा गेलेले, सातबाऱ्यावर फेरफार झालेला नाही, आत्याने हक्कसोड दिलेला की नाही ते कोणाला आठवत नाही, एका काकाचे नाव दप्तरात चुकीचे. वारस दाखल्यासाठी कोर्ट, निवाड्याच्या नकलेसाठी पनवेलचे मेट्रो सेंटर हे भूसंपादन कार्यालय, अर्जासाठी बेलापूरचे सिडको भवन. अनधिकृत बांधकाम आढळले तर ते क्षेत्र पात्रतेतून वजा. मग सोडत, मग वाटपपत्र, मग भाडेपट्ट्याचा करार.

एका एकराचा जो हिशेब वर केला त्याला सहा वारस धरा, हे काही फार नाहीत. प्रत्येकी ५९ मीटर. यावर कोणी एकटा इमारत बांधू शकत नाही. बांधायला पैसे लागतात, त्यासाठी कर्ज हवे, आणि वाटप न झालेल्या हक्कावर बँक कर्ज देत नाही. इथे बाजारात एक नवी वस्तू जन्मली, तिचे नाव ‘फाईल’. भूखंड अजून कुठे आहे, कधी मिळेल, मिळेल का, हे काहीच ठरलेले नसताना तो मिळण्याचा हक्क विकला जाऊ लागला. साधा करारनामा, कुलमुखत्यारपत्र, थोडी रक्कम रोख. घेणारा वारसांच्या सह्या गोळा करतो, कार्यालयांचे खेटे घालतो, सोडत झाली की सिडको, शेतकरी आणि तो स्वतः असा त्रिपक्षीय करार करून मोकळा होतो.

याला कोणी फसवणूक म्हणतात, आणि काही ठिकाणी ती झालीही. पण प्रत्येक व्यवहार फसवणुकीचा धरला तर मूळ दुखणे हातून सुटते. शेतकऱ्याने विकली ती वाट पाहण्याची जोखीम. मुलीचे लग्न यंदा आहे आणि भूखंड कदाचित दहा वर्षांनी, मग आज मिळेल त्या भावात फाईल देणे त्याच्या बाजूने शहाणपणाचेच असते. ज्याच्याकडे दहा वर्षे थांबण्याइतका पैसा आहे त्याने फरक कमावला. सिडकोच्या वहीतून आंदोलनाने जो फरक खेचून आणला होता, तो विलंबाच्या दाराने पुन्हा भांडवलदाराकडेच गेला.

विलंब किती? बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याच बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे (भूखंड देण्याची लेखी हमी) पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली १६ ऑगस्ट २०१४ रोजी. दास्तान फाट्यापासून तीस वर्षे. तेही इरादापत्र. भूखंडाचा ताबा त्यानंतर.

वाटा मागताना मुदत मागायला हवी होती, आणि मुदत चुकली तर व्याज. हे आज सांगणे सोपे आहे, मला ठाऊक आहे. १९८४ मध्ये टक्का हाच शब्द नवा होता. तरीही हप्ता एक दिवस चुकला तर कंपनी दंड लावते, आणि तीच कंपनी वीस वर्षे भूखंड देत नाही तर काहीच होत नाही, ही विषमता निर्णयाच्या मसुद्यातच शिरली.

ज्यांच्या नावावर काहीच नव्हते

टक्का कशाचा? सातबाऱ्याचा. ज्याचा सातबारा नाही त्याचा साडेबारा टक्के शून्य. खाडीत जाळे टाकणारा कोळी, मिठागरावर मजुरी करणारी बाई, दुसऱ्याच्या शेतात राबणारा भूमिहीन, आदिवासी वाडी: यांचे पोट त्याच पाण्या-मातीवर होते, पण खाडीचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो.

बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात झाले. तिथल्या घरांना वाळवी लागली आणि गाव पुन्हा पुनर्वसन मागत कित्येक वर्षे भांडत राहिले. मच्छीमारांच्या दाव्यावर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. इथे पुन्हा एकदा दर आहे, वाटा नाही. खाडीवरच्या हक्काला टक्क्याच्या भाषेत कसे मांडायचे, हे ना आंदोलनाने शोधले ना सरकारने.

गावठाणांचेही तसेच झाले. शेती गेली, कुटुंबे वाढली, भूखंड मिळेना, म्हणून लोकांनी गावाभोवती घरे बांधली. सरकारी भाषेत ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. ती नियमित करण्याचे निर्णय एकामागून एक निघत राहिले आणि प्रत्येक निवडणुकीत तो विषय ताजा राहिला.

टक्क्याचा प्रवास

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत महामुंबई सेझसाठी खासगी कंपनीकरिता जमीन घेण्याचा घाट घातला गेला. इथल्या लोकांनी या वेळी टक्का मागितलाच नाही. त्यांनी जमीनच द्यायला नकार दिला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारी यंत्रणेने शेतकऱ्यांचा कौल घेतला. प्रा. एन. डी. पाटील लढ्यात पुढे होते. तो सेझ झाला नाही. या तालुक्यांनी साडेबाराची फाईल वर्षानुवर्षे कोणाच्या कपाटात पडून असते ते पाहिले होते, त्याचा या नकारात वाटा असणार असे मला वाटते.

पण टक्क्याची कल्पना मेली नाही. १८९४ चा कायदा गेला आणि २०१३ चा आला, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीचा २० टक्के भाग जमीनमालक कुटुंबांसाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे, संपादन आणि विकासाचा खर्च घेऊन. साडेबारा टक्क्यांचा अनुभव आणि ही तरतूद यांतले नाते कोणी कायद्यात लिहिलेले नाही. वाचताना ते दिसते. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली तेव्हा तर थेट साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज निघाले. १९८४ ची मागणी तीस वर्षांनी कंपनीची पहिली बोली झाली होती.

तुलनेसाठी पुण्याच्या मगरपट्ट्याचे नाव नेहमी निघते. तिथे शंभराहून अधिक कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. छान उदाहरण आहे, पण त्याने उरणच्या शेतकऱ्याला हिणवू नये. तिथे एका भावकीची सलग जमीन होती, आणि त्यांनी आपल्या सवडीने ठरवले. इथे आधी कलम ४ आले. ज्याच्या दारात पोलीस उभे आहेत त्याने भागधारक-करार का केला नाही, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सिडकोने तरी त्यांना भागधारक का केले नाही, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे, कारण सगळे भाग सरकारच्याच हातात होते.

दि. बा. २४ जून २०१३ रोजी गेले. २०२१ मध्ये विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला सिडको भवनावर प्रचंड जमाव धडकला. त्यात १९८४ नंतर जन्मलेलेही होते. पुढच्या वर्षी विधिमंडळाने नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या कंपनीत ७४ टक्के अदानी समूहाचे, २६ टक्के सिडकोचे.

धावपट्टीच्या अलीकडे उलव्याच्या सेक्टरांत साडेबाराच्या भूखंडांवरच्या चार-सात मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. काहींना मूळ शेतकऱ्याच्या आजीचे किंवा कुलदैवताचे नाव आहे. करारात ती एक अट घालून घेतलेली असते, बिल्डर सहसा हरकत घेत नाही. वरच्या मजल्यावर शेतकऱ्याच्या वाट्याचे दोन फ्लॅट, एक भाड्याने. बेलापूरला मात्र अजून कोणीतरी पिशवीतून निवाड्याची नक्कल काढून खिडकीत सरकवते आहे, आणि आतून विचारणा होते आहे, वारसांची सही सगळ्यांची आहे का?